काकूची उचल

क्लिनिककडून पैसे परत मिळाले, हे मी आजवर बऱ्याच जणींना सांगितलं आहे. ऐकणारी पहिल्यांदा विचारते, "वकील कोण होता गं?" वकील नव्हता. परळीचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांनी नोटीस लिहून दिली, त्यांचे उपकार आहेतच. पण नोटिशीला जो आधार लागला तो काकूने मिळवून ठेवला होता, आणि काकूला स्वतःचं नावही लिहिता येत नाही. हे सांगायला लागले की समोरचीला घाई झालेली असते. म्हणून लिहून ठेवते आहे.

सिरसाळा माझं माहेर. परळीहून बीडकडे निघालं की तेलगावच्या अलीकडे लागतं. वडील गेल्यापासून माहेर म्हणजे काका-काकूंचंच घर. दोघं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळ्या बाहेर पडतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि माझ्यासारख्या पगारी लोकांची घरं तेवढी उघडी दिसतात. मी परळीच्या एका खाजगी शाळेत शिकवते. पगार किती ते विचारू नये.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. वांगाने कुणी मरत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायची चोरी असते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आले तेव्हा एका सहकारी बाईंनी माझ्यासमोरच फोटो मोठा करून बघितला आणि काही न बोलता परत लहान केला. त्या शहाण्या बाई आहेत. पण मी त्याच आठवड्यात जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या शहरातल्या स्किन क्लिनिकला फोन लावला. 2022 चा पावसाळा संपत आला होता.

पॅकेज सहा सिटिंगचं होतं, लेसरचं. छत्तीस हजार, सगळे आधी भरायचे. माझ्याकडे भिशीचे सोळा हजार होते. उरलेले वीस काकूने दिले. तिच्याकडे तेव्हा पैसे असण्याचं कारण एकच: टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल नुकतीच आली होती. कारखाना सुरू होण्याआधी मजुराला हातात मिळणारी आगाऊ रक्कम म्हणजे उचल, आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, हे बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. उचल म्हणजे उसात फेडायचं कर्ज. त्या हंगामात तोडणीचा दर टनाला पावणेतीनशेच्या आतबाहेर होता. एक कोयता दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरतो. वीस हजार फिटायला सत्तर टनांच्या वर ऊस लागतो, म्हणजे दोघांचे चाळीसेक दिवस. हा हिशोब मी पुढे मांडला. पैसे घेताना तो कुणी मांडत नाही, आणि देणारीने तर मुळीच मांडला नाही. ती एवढंच म्हणाली, "तोंडावर इतकं पैकं? बरं. ने."

पहिल्या दिवशी ती माझ्याबरोबर आली ती धाकट्याला सांभाळायला. क्लिनिकमध्ये एसी होता, काचेच्या टेबलावर गोऱ्या बायकांची मासिकं होती. बाळाला कडेवर घेऊन ती काउंटरपाशी उभी राहिली. मी पैसे भरले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मेसेज येईल तुम्हाला." मी वळणार तेवढ्यात काकू म्हणाली, "मेसेज नगं. कागुद दे."

"काकू, पावतीबुक वर आहे, सरांकडे."

"मंग आण खाली. आमी थांबतो."

मला ओशाळल्यासारखं झालं. मागे दोघी-तिघी उभ्या होत्या. काकू मात्र हलली नाही. पावती आली तर तिच्यावर नुसती रक्कम. काकूने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि परत सरकवली. "किती बारीनं येयाचं ते लिव. अन् शिक्का मार." त्या मुलीने 'वांगासाठी लेसर, 6 सिटिंग, रु. 36,000, पूर्ण जमा' असं लिहिलं, शिक्का मारला. काकूने कागद उलटसुलट बघितला. वाचता येत नसलं तरी शिक्का गोल आहे की चौकोनी, सही आहे की नाही, एवढं तिला कळतं.

ही सवय तिला उसाच्या फडाने लावली. फार वर्षांपूर्वी एका मुकादमाने त्यांच्या नावावर घेतल्यापेक्षा जास्त उचल दाखवली होती. हंगाम संपला तरी बाकी निघाली, ती फेडायला पुढच्या साली त्याच्याच टोळीत जावं लागलं. तेव्हापासून काकू कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत साठवते. हिशोबाच्या दिवशी ती पिशवी मुकादमासमोर मोकळी करते. मुकादम सगळे वाईट असतात असं मी म्हणणार नाही. उचल घेऊन पळालेल्या टोळीपायी शेत विकलेले मुकादमही आमच्या पंचक्रोशीत आहेत. पण तोंडी हिशोबात लिहिता न येणाऱ्याच्या अंगावर बाकी निघते, एवढं काकूने पक्कं धरलं आहे.

दसऱ्यानंतर ती गेली. मी दुसरं सिटिंग घेतलं आणि दिवाळीच्या सुमाराला उजवा गाल भाजल्यासारखा झाला. खपली पडली, खाली वांगापेक्षा काळा डाग. क्लिनिकने सांगितलं, असं होतं, उतरेल. आणि एक पांढरी डबी दिली. तिच्यावर ना नाव, ना तारीख, ना कंपनी. लावलं की दोन दिवस चेहरा उजळ दिसायचा, थांबवलं की आग व्हायची.

शेवटी अंबाजोगाईला गेले. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय म्हणजे आमच्या भागातल्या माणसाचा शेवटचा आणि खरं तर पहिला आधार. रांगेत उभं राहून केसपेपर काढला. त्वचारोग विभागातल्या डॉक्टरबाईंनी डबी उघडून वास घेतला, गाल बघितला, आणि छत्तीस हजारांत कुणी सांगितलं नव्हतं ते पाच मिनिटांत सांगितलं. वांग कायमचा जाईल असं वचन कुणीच देऊ नये. तो उन्हाने, गरोदरपणातल्या बदलांनी, काही गोळ्यांनी येतो, चुलीच्या धगीनेही वाढतो आणि दबला तरी परत येतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे लेसरची उष्णता बेताबाहेर गेली तर डाग जायच्या ऐवजी गडद होतो. डबीत बहुतेक स्टेरॉईड असावं, म्हणाल्या. अशी चौदा प्रकारची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा केंद्र सरकारचा आदेश 2018 सालीच निघाला आहे. निनावी डबीला कसला आदेश लागू होणार? त्यांनी केसपेपरवर सगळं लिहिलं: लेसरनंतर भाजल्याचा डाग, लेबल नसलेलं मलम.

त्याच हिवाळ्यात अकोल्याची बातमी आली. आई आणि दोन मुली एकच गोरं करणारं क्रीम वापरत होत्या, तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. आपल्या नियमांत सौंदर्यप्रसाधनात पारा घालायलाच बंदी आहे. अशा क्रीममध्ये नकळत राहिलाच तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बातमी वाचून मी लघवी तपासून घेतली. निघालं काही नाही, पण डबी कचऱ्यात टाकवेना. पुरावा म्हणून ठेवली.

पैसे परत मागायला मी एकटी गेले तेव्हा क्लिनिकवाले माझ्याशी फार गोड बोलले. पॅकेज परत होत नसतं, पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलंय. मात्र उरलेल्या चार सिटिंगच्या बदल्यात पायांवरचे केस कायमचे काढून देऊ, 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणून. ज्यांनी गाल भाजला त्यांच्यापुढे पाय सोडून बसायचं! मी नाही म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही.

पाडव्यानंतर काकू परतली. माझा गाल तिने उजेडात नेऊन बघितला. "चल," म्हणाली.

रिसेप्शनला गर्दी होती. काकू सोफ्यावर न बसता काउंटरसमोर खाली बसली, मांडी घालून. मॅनेजरबाई धावत आल्या, "काकू, वर बसा ना." काकू म्हणाली, "हितंच बरं हाय. बाई, कागदावर सहा लिवलंय का?"

"हो."

"झाले किती?"

"दोन."

"मंग चार राह्यले. आमी कोयत्यावर जातो. मुकादमाकून उचल घेतो. उचल घेतली अन् फडात नाही गेलो, तर त्यो दारात येऊन बसतो, बैलं सोडून नेतो. तुमी बी आमच्याकून उचलच घेतली की. कामून परत करत नाही?"

बसलेल्या बायका मासिकं बाजूला ठेवून ऐकत होत्या. मी एम.ए. बी.एड. आहे. 'परतावा', 'धोरण', 'तक्रार' हे सगळे शब्द मला येतात. पण आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे घेणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं, देणाऱ्याच्या नव्हे, हे मला त्या काउंटरवर मांडता आलं नव्हतं. काकूच्या उभ्या जन्मात ते ओझं कायम तिच्याच बाजूला राहिलं होतं, म्हणून ते दुसऱ्याच्या डोक्यावर कसं दिसतं हे तिला लगेच ओळखता आलं.

लगेच पैसे मिळाले नाहीत. पाणी मिळालं, वर विचारून फोन करतो असं मिळालं. फोन आला नाही.

परतीच्या एस.टी.त काकू खिडकीपाशी होती. तिच्याही गालांवर वांग आहेत, माझ्यापेक्षा गडद, मी लहान असल्यापासून. ती म्हणाली, "पोरी, आंबाजोगाईच्या बाईच्या औषधानं मपले जातील का?" मी म्हटलं, औषध आहे, पण उन्हात जायचं नाही. ती हसायला लागली. "मंग ऊस रातचाच तोडावा लागंल."

पुढचं काम गुरुजींचं. उमेदीच्या काळात ते ग्राहक चळवळीत होते. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, 1986 मध्ये आला, हे ते कालच घडल्यासारखं सांगतात. त्यांनी पावती, केसपेपर आणि डबी समोर मांडून ठेवली. 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा दवाखाना म्हणून कुणी सुटत नाही. 2019 च्या नव्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे त्या शहराला खेटे न घालता बीडच्या आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकील लावलाच पाहिजे असं नाही. "छापलं म्हणजे कायदा होत नाही," बारीक अक्षरांवर बोट ठेवून ते म्हणाले.

त्यांनी एक गोष्ट फार नीट फोडून सांगितली. गाल भाजला हा निष्काळजीपणा म्हणून सिद्ध करायचा तर तज्ज्ञाचं मत लागेल, समोरचा स्वतःचा तज्ज्ञ आणेल, वर्षं जातील. पण पैसे सहाचे घेतले आणि दोनच सिटिंग दिली, याला कुणाचं मत लागत नाही. याला पावती पुरते. आणि पावतीवर सिटिंगची संख्या लिहिलेली असणं, हे त्यांनी इतक्या वर्षांत फार कमी वेळा बघितलं होतं. "कुणी लिहून घेतलं हे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ पावतीच बघत राहिले.

नोटीस पूर्ण छत्तीस हजारांची, रजिस्टर पोस्टाने गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लिनिकचा फोन आला: चार सिटिंगचे चोवीस हजार देतो, तक्रार नाही असं लिहून द्या. गुरुजींचं मत होतं की आयोगात जावं, बाकीचे बारा आणि नुकसानभरपाईही मागावी. तत्त्वाने ते बरोबर होते. पण मला वीस हजार काकूला द्यायचे होते, दसऱ्याच्या आत. मी चोवीस घेतले. सहीच्या वेळी काकू बरोबर होती. आधी पैसे खात्यात आल्याचा मेसेज मला दोनदा वाचायला लावला, मग म्हणाली, "आता कर सही." त्या दिवशी मेसेज चालला तिला.

वीस हजार तिने मोजून घेतले आणि त्या साली मुकादमाकडून तेवढी उचल कमी घेतली. मी वर साडी नेली होती. साडी घेतली, पण म्हणाली, "ह्यानं याज फिटत नाही. ठरावाला मुकादमाकडं चल मपल्यासंगं."

गेले. मुकादम आमच्याच गल्लीतला, लांबचा भाऊबंद. मी वहीचा कागद काढून रक्कम, तारीख, दर, कमिशन लिहायला लागले तसा तो काकूला म्हणाला, "वहिनी, इतक्या वर्सांनी माज्यावर इश्वास नाही व्हय?"

"तुज्यावर हाय. तुज्या आठवणीवर नाही."

त्याने हसत सही केली. दोन प्रती काढल्या. तेव्हापासून दर दसऱ्याआधी हे काम माझ्याकडे आहे, आणि गल्लीतल्या आणखी तीन घरांनी आपापले कागद माझ्याकडून लिहून घेतले आहेत. काकूची प्रत माझ्या कपाटात असते. तिच्या घराचे पत्रे गळतात, आणि नवे टाकायचे तर उचल वाढवावी लागेल.