काचेची नळी

भाजी चिरताना बोट कापले, तर काही मिनिटांत रक्त आपोआप थांबते. आपण त्याचा विचारही करीत नाही. जखमेशी आधी बिंबिका चिकटतात, मग रक्तातील प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि अखेरीस फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे जाळे विणले जाते.

आमच्या अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत नि पानपिंपळीच्या वाफ्यांत सावली असते, ओल असते; तेथे घोणसही निघते. वऱ्हाडात तिला परड म्हणतात. तिचे विष ही साखळी मध्येच, दहाव्या व पाचव्या घटकांपाशी, पेटवते. रक्तभर धागे विणले जातात, फायब्रिनोजेन संपते, आणि मग हिरड्यांतून, लघवीतून जाणारे रक्त थांबत नाही. गोठवणाऱ्या विषामुळेच रक्त गोठायचे राहते! १९३४ साली मॅकफार्लेन व बार्नेट यांनी हेच विष अगदी विरल करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर वापरले, तेव्हा रक्तस्राव थांबला.

आमच्या शेजाऱ्यांना दंश झाला तेव्हा पहिला तास मांत्रिकाकडे गेला; ही खोड अजून सुटत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेतले. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते. २० मिनिटे नळी हलवायची नव्हती. त्यांच्या पत्नी घड्याळाखाली उभ्या होत्या. नळी तिरपी केली, तो रक्त पाण्यासारखे वाहिले. प्रतिविष लगेच सुरू झाले. ६ तासांनी पुन्हा नळी, कारण यकृताला नवे फायब्रिनोजेन घडवायला साधारण तेवढा अवधी लागतो. तेव्हाही रक्त पातळच, पुन्हा प्रतिविष. तिसऱ्या नळीत मात्र ते धरले.