टाचण्यांची डबी

बुलढाणा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

ती. वहिनीस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र पोचून आज आठ दिवस झाले. एवढा विलंब तुमच्या पत्राला मी आजवर कधी लावला नाही; पण या वेळी तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर चार ओळींत देऊन मोकळे होणे मला प्रशस्त वाटेना. दादांच्या रक्षेतला चिमूटभर भाग ह्यूस्टनला नेऊन तेथील कंपनीमार्फत अंतराळात पाठवावा अशी बाळची इच्छा आहे, त्यासाठी त्याने तुमची संमती मागितली आहे, आणि ‘भावोजी, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात, हे काय प्रकरण आहे ते नीट समजावून सांगा आणि मी काय लिहू तेही सांगा,’ असे तुम्ही म्हणता. रामकुंडावर अस्थिविसर्जनाच्या वेळी त्याने कलशातली थोडी रक्षा दादांच्या टाचण्यांच्या पितळी डबीत भरून घेतली, हे मी पायरीवर उभा राहून पाहिले होते, आणि पाहूनही काही बोललो नव्हतो. त्यामुळे या उत्तराची जबाबदारी काही अंशी माझीही आहे.

आधी हकिगत सांगतो. बाळ लिहितो ती सेलेस्टिस नावाची कंपनी हा उद्योग 1997 पासून करीत आली आहे. त्या वर्षीच्या 21 एप्रिलला कॅनरी बेटांनजीक, विमानाच्या पोटाखालून सुटलेल्या एका अग्निबाणाने स्पेनचा उपग्रह वर नेला, आणि त्याच्याच शेवटच्या टप्प्यावर बसवलेल्या बोटभर कुप्यांतून 24 माणसांची रक्षा पृथ्वीभोवती फिरू लागली. त्यांत ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी होता, अंतराळात मनुष्यवस्ती कशी उभारता येईल याची मांडणी करणारे प्राध्यापक जेरार्ड ओनील होते, आणि अग्निबाणांच्या रचनेत आयुष्य घालवलेले क्राफ्ट एरिके हे अभियंतेही होते. सगळी रक्षा कोणाचीच जात नाही. माणशी थोडे ग्रॅम, पुष्कळदा एकच ग्रॅम जातो आणि उरलेली घरच्यांजवळ राहते. त्या कुप्या सुमारे दीड तासाला एक अशा प्रदक्षिणा घालीत पाच वर्षे फिरल्या, आणि 2002 च्या मे महिन्यात अग्निबाणाचा तो टप्पा वातावरणात उतरून जळून गेला तेव्हा त्याही त्याच्याबरोबर संपल्या. एकदा अग्नी दिलेल्या देहाला दुसऱ्यांदा अग्नी मिळाला, हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. तुम्ही ‘असले काही आपल्यात नाही’ असे लिहिले आहे. परंतु रामकुंडाच्या पाण्यात अस्थी विरघळून जातात या श्रद्धेने दूरदूरची माणसे नाशकास येतात, त्या श्रद्धेला हा प्रकार मला सर्वस्वी परका वाटला नाही.

चंद्रावर पाठवण्याची गोष्ट मात्र निराळी, आणि तिच्यापाशी मला थोडे थांबले पाहिजे. कारण ज्याची रक्षा चंद्राच्या मातीत पहिल्याने पोचली त्या गृहस्थाविषयी मी कितीतरी वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो आहे. यूजीन शूमेकर हे भूशास्त्रज्ञ. ॲरिझोनातले विस्तीर्ण विवर ज्वालामुखीने झालेले नसून आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झालेले आहे, हे त्यांनी खडकांच्या साक्षीने सिद्ध केले. आपल्या लोणारचे विवरही आघातानेच झाले हे पुढे 1973 मध्ये याच प्रकारच्या पुराव्यांनी पक्के झाले. चंद्रावर जाऊन तिथला खडक स्वतःच्या हातोडीने फोडून पाहावा हा त्या माणसाचा ध्यास होता. पण 1963 मध्ये ॲडिसनचा विकार निघाला आणि ती वाट कायमची बंद झाली. तेव्हा जे जाणार होते त्यांना दगड कसा पाहावा हे शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि अपोलोचे अंतराळवीर त्यांच्यामागून ॲरिझोनातल्या विवरात उतरू लागले. 1997 च्या जुलैत, ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात सपत्नीक विवरे धुंडाळीत असता, मोटारीच्या अपघातात ते गेले. पत्नी कॅरोलिन जखमी होऊन वाचल्या. शूमेकरांची पूर्वीची एक विद्यार्थिनी, कॅरोलिन पोर्को, हिच्या मनात आले की लूनर प्रॉस्पेक्टर नावाचे यान लवकरच चंद्राकडे निघायचे आहे, त्यातून गुरुजींना न्यावे. आणि सहा महिने पुरे होण्याच्या आत, 1998 च्या जानेवारीत, औंसभर रक्षा घेऊन ते यान निघाले. ती ज्या कुपीत होती तिची लांबी पावणेदोन इंच होती. तिच्याभोवती गुंडाळलेल्या पितळी पत्र्यावर एका धूमकेतूचे आणि ॲरिझोनातल्या त्या विवराचे चित्र कोरले होते. वर्षभराहून अधिक काळ चंद्राभोवती फिरून, 31 जुलै 1999 रोजी, ते यान दक्षिण ध्रुवापाशी मुद्दाम आपटवण्यात आले, आणि आघाताने होणाऱ्या विवरांचा अभ्यास करणारा मनुष्य अखेर आघातानेच चंद्रात विसावला.

प्लूटोचा शोध लावणारे क्लाइड टॉम्बॉ यांची कथाही अशीच आहे. ते शेतकऱ्याचे पोर, घरी स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश पाहणारे. वेधशाळेत नोकरीस लागल्यावर त्यांचे काम काय, तर आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे आळीपाळीने डोळ्यांसमोर आणायची आणि हजारो ठिपक्यांतला एखादा जागचा हलला आहे की काय ते पाहायचे. 1930 च्या फेब्रुवारीत तो ठिपका सापडला. (त्याच्या एकोणीस वर्षे आधी, 1911 मध्ये, आपले बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे गणित फ्रान्समधल्या ज्योतिषमंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते, आणि त्याला सूर्यप्रदक्षिणेस सुमारे 242 वर्षे लागतील असे म्हटले होते; प्लूटोला 248 लागतात. त्या विद्वान शाळामास्तरांचे नाव माझ्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये म्हणून मी ते फळ्यावर लिहीत असे.) टॉम्बॉ 1997 मध्ये वारले, 2006 मध्ये न्यू होरायझन्स यान त्यांची थोडी रक्षा घेऊन निघाले आणि 14 जुलै 2015 रोजी प्लूटोजवळून गेले. ते यान सूर्यमालेतून बाहेर पडते आहे, परत यायचे नाही.

आता दादांचे. जुने टिपण आणि नवी मोजणी शेजारी मांडून, कोणता दगड जागचा हलला आहे हे पाहण्यात मोजणी खात्यातली त्यांची पस्तीस वर्षे गेली. बांधावर उभे असलेले भावकीतले दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जात असता दादा मात्र मांडीवर वही ठेवून साखळीचे आणे मोजीत बसलेले मी पाहिले आहेत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, हे गणित त्यांच्या बोटांतच मुरले होते. लोणारला मी त्यांना घेऊन गेलो तेव्हा विवराच्या काठावर ते पुष्कळ वेळ डोळ्यांवर हात धरून पलीकडची कड निरखीत राहिले आणि म्हणाले, ‘एकशे ऐंशी साखळ्या भरेल.’ घरी येऊन मी हिशेब केला, व्यास 1.8 किलोमीटर धरला तर जवळजवळ तेवढ्याच भरतात.

अशा माणसाला चंद्रावर पाठवावे काय? माझे मन नाही म्हणते, आणि त्याचे कारण दादांच्याच खात्यातले आहे. लगतच्या कब्जेदारांना नोटीस बजावल्याशिवाय त्यांनी कधी हद्दीचा दगड रोवला नाही. वरिष्ठांनी घाई केली तरी नाही. शूमेकरांची रक्षा गेली तेव्हा अमेरिकेतल्या नावाहो लोकांनी कळवळून सांगितले की चंद्र आम्हांस पवित्र आहे, तेथे मृतांचे अवशेष ठेवू नका. नासाने क्षमा मागितली आणि पुढे विचारल्याशिवाय असे करणार नाही असा शब्द दिला. तरी 2024 च्या जानेवारीत एका खाजगी कंपनीच्या यानातून पुन्हा रक्षा निघालीच, आणि नावाहोंच्या अध्यक्षांना पुन्हा हरकत नोंदवावी लागली. इंधन गळाल्यामुळे ते यान चंद्रावर उतरू शकले नाही, परत वळून दक्षिण पॅसिफिकवर जळाले. परंतु हरकतदाराचे म्हणणे निकालात निघाले असे त्यावरून मी मानीत नाही. शूमेकरांचे चंद्राकडे घेणे होते, ते त्यांना मिळाले याचा मला आनंद आहे. दादांचे तिथे काही घेणे नाही, आणि दुसऱ्याच्या देवघरात त्याला न विचारता पाऊल टाकणारा त्यांचा पिंड नव्हता.

परंतु वहिनी, बाळला नुसता नकार कळवू नका. तो चवथ्या दिवशी पोचला. अग्नी माझ्या मुलाने दिला. बाळ आला तेव्हा अस्थिसंचयसुद्धा होऊन गेला होता. कलश त्याच्या हातात देताना त्याच्या बोटांना किती कंप सुटला होता तो माझ्याशिवाय कोणी पाहिला नसेल. खांदा देता आला नाही हे त्याच्या मनात रुतून बसले आहे, आणि स्वतःच्या हाताने बापाला कोठेतरी पोचवावे यासाठी तो तळमळतो आहे. तो ज्या देशात राहतो तिथे पोचवण्याची ही एक रीत निघाली आहे, म्हणून त्याने ती सुचवली. आपल्याकडे तरी रीती कुठे जागच्या जागी राहिल्या? पंडित नेहरूंच्या इच्छेप्रमाणे 1964 च्या जूनमध्ये त्यांची रक्षा विमानांतून शेतांवर विखुरली गेली, तेव्हा दादा कामावर होते, आणि मोजणी थांबवून सगळे आकाशाकडे पाहत उभे राहिले होते, असे ते पुढे अनेकदा सांगत.

तेव्हा माझे मत असे. पृथ्वीभोवती फिरून जळून जाणाऱ्या यानातून एक ग्रॅम जाऊ द्यावा. त्यात जोखीम आहे हे बाळला माहीत असले पाहिजे; 2025 च्या जूनमध्ये 166 कुप्या घेऊन पृथ्वीभोवती फिरून आलेले एक यान हवाई छत्र्या न उघडल्याने पॅसिफिकमध्ये बुडाले, आणि त्या कुप्या परत घरी येतील म्हणून वाट पाहत बसलेल्या लोकांच्या हाती काही लागले नाही. मला त्या लोकांचे फार वाईट वाटले. जळणे किंवा बुडणे यांतले काहीही झाले तरी चालेल, असे मन करूनच बाळने ती डबी उघडावी. आणि परत येण्याची आशा दाखवणारे यान मुळीच निवडू नये.

उरलेली रक्षा घेऊन त्याने इकडे यावे. कल्पना चावला अंतराळातून परतताना गेली, तरी तिने आपली रक्षा यूटामधल्या झायनच्या तांबड्या कड्यांत मिसळावी अशी इच्छा सांगून ठेवली होती आणि तसेच करण्यात आले, हे मी त्याला वेगळ्या पत्रात लिहिणार आहे. दादांच्या पहिल्या नेमणुकीच्या गावी, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात, तिथला दगड त्यांच्या हातचा आहे. निंबाच्या झाडाखाली तो अजून जागेवर आहे. गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम वाट वाकडी करून पाहून आलो. तिथवर बैलगाडीवाटेने दोन मैल चालावे लागते. बाळबरोबर मीही चालेन, गुडघ्यांनी साथ दिली नाही तर थांबत थांबत चालेन. तुम्हांला झेपत असेल तर तुम्हीही या. आणि जाण्यापूर्वी त्या तिन्ही गावच्या पाटलांना मी पत्र घालीन.

डबीविषयी एक सांगायचे राहिले. ती बाळने तुमच्या कपाटात ठेवली आहे ना? तिचे झाकण पावसाळ्यात घट्ट बसते. सुरीने उचकटू नका, तळ एका बाजूने दबलेला आहे तो फाटेल. दादा ती तळहातांत धरून थोडी ऊब देत आणि मग फिरवीत. टाचण्या गंजू नयेत म्हणून तीत चुलीतली कोरडी राख घालण्याची त्यांची सवय तुम्हांला आठवत असेल. ती राख चाळून तुम्हीच देत होता. बाळने डबी भरली तेव्हा तळाशी ती थोडी शिल्लक असणार. ती निराळी काढण्याच्या भरीस पडू नका.

बाळला उत्तर धाडाल तेव्हा मला दोन ओळी कळवा. थंडी वाढते आहे, पहाटे ओसरीवर बसू नका. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा धाकटा दीर