आक्रसलेल्या श्वासनलिके, तुला

आक्रसलेल्या श्वासनलिके,

मराठवाड्यात तुझ्यात नळी घालण्याची वेळ येते ती जीव जाऊ लागल्यावर. रानातल्या घरात भुईवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते आणि पहाटेपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे पडतात. कुणाच्या पोटात फवारणीचं औषध गेलेलं असतं, कुणाच्या डोक्याला मोटारसायकलवरून पडून मार लागलेला असतो. नांदेडच्या विष्णुपुरीत किंवा लातूरच्या शासकीय दवाखान्यात अशांना व्हेंटिलेटरवर घेतात, म्हणून ते घरी परततात. मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांसाठी उभी हयात वेचली. तेव्हा नळीला दोष देणं मला मान्य नाही.

घात होतो तो नळीच्या टोकाजवळच्या फुग्यामुळे. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर एवढाच हवा. तो वाढला की तुझ्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते, आणि ती भरताना व्रण तुला चहूबाजूंनी आवळतो. दाब मोजायचं साधन तळहातावर मावतं. तरीही नळीच्या बाहेरच्या टोकाचा जोडफुगा बोटांनी चाचपून 'ठीक आहे' म्हणण्याची सवय सुटत नाही, याचा मला राग येतो.

तुझं दुखणं लगेच कळत नाही. नळी काढल्यावर काही आठवड्यांनी जिना चढताना धाप लागते, कारण तू आठ मिलिमीटरवर आलेली असतेस. पाचवर आलीस की बसल्या जागीही घरघर. छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छ. मग दम्याचं निदान होतं, पंप हाती येतो, आणि पंपानं व्रण सैल होत नाही. या चुकीत महिने जातात, आणि एखाद्या रात्री साधा कफ अडकून जीवावर बेततं. कान-नाक-घसा तज्ज्ञानं दुर्बीण घातली, मानेचा सीटी स्कॅन केला, की तू सापडतेस.

पुढचा उपचार व्रणाच्या लांबीवर ठरतो. पातळ पडदा असेल तर दुर्बिणीतून कापून फुग्यानं रुंद करतात. तो पुन्हा आवळू शकतो. लांब, घट्ट व्रणाला खरा इलाज म्हणजे तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं शिवणं. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून हनुवटी आठवडाभर छातीशी शिवून ठेवतात. शस्त्रक्रिया झेपत नसेल त्याला टी-आकाराची सिलिकॉनची नळी बसवतात. बोस्टनचे डॉ. हर्मीस ग्रिलो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असा तुकडा काढून टोकं शिवलेल्या ५०३ रुग्णांचा अहवाल दिला; दहातल्या नऊहून अधिक जणांना गुण आला होता. इतका चांगला इलाज असताना माणसं पंप ओढत बसतात, हे मला सहन होत नाही.

म्हणून नांदेड-लातूरच्या प्रत्येक अतिदक्षता विभागाला विनंती: फुग्याचा दाब दर पाळीला मोजा आणि कागदावर नोंदवा. डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक ओळ लिहा: 'नळी काढल्यावर काही आठवड्यांत धाप किंवा घरघर सुरू झाली, तर दम्याचं औषध घेत बसू नका, नळी घातली होती हे सांगून घशाच्या डॉक्टरांना दाखवा.'