ऊट आय्ता?

२०२५ च्या भाऊबिजेला अक्काकडे गेलो होतो. तापीपलीकडच्या कोसाडला, सुरतेत, ती लग्न होऊन गेली त्याला पस्तीस वर्षं झाली. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि माझ्याशी भांडायला मात्र अजून कानडी!

ओवाळणी झाली आणि टोरांटोहून भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत होता. २०२३ मध्ये ती सोडून कॅनडाला गेला. अक्काला ते पटलेलंच नव्हतं. "लोक अमेरिकेसाठी देव पाण्यात घालून बसतात, आणि हा तिथून उठून गेला!"

मीही तिचीच री ओढली. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, एच-वन-बी व्हिसा म्हणजे तीन वर्षं, वाढवून सहा. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डाची आपल्या लोकांची रांग तर संपतच नाही. हीसुद्धा इंजिनिअर, पण तिला तिथं कामाची परवानगी नव्हती. किती वर्षं घरात बसवायचं तिला?"

जुलै २०२३ मध्ये कॅनडानं अमेरिकेतल्या एच-वन-बीवाल्यांसाठी दार उघडलं. कुठल्याही मालकाकडे काम करायची मुभा, तीन वर्षांपर्यंत. जोडीदारालाही कामाचा परवाना मागता येत होता. दहा हजार अर्जांची मर्यादा दोन दिवसांत भरली. त्यात या दोघांचा नंबर लागला. आज सूनबाई नोकरी करते. कायमच्या रहिवासाचा निकाल मात्र अजून यायचा होता. वाट पाहणं काही सुटलं नव्हतं.

मला आमची बेळगावची आजी आठवली. ती जन्मली मुंबई इलाख्यात, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेली, १९७३ मध्ये कर्नाटकात आली. आणि या सगळ्यात राहतं घर एकदाही बदललं नाही. भाचा देशामागून देश बदलतो आहे. पण दोघांचेही कागद ठरवणारे दुसरेच. आजीनं त्या कागदांवर आपलं घर कधी मोजलं नाही. गाव विचारलं की ती गल्लीचं नाव सांगायची.

हे मी अक्काला सांगितलं. ती काही बोलली नाही. फोन ठेवता ठेवता भाच्यानं आजीच्याच सुरात विचारलं, "अम्मा, ऊट आय्ता?"

अक्का रुसवा विसरली आणि पानात काय काय वाढलंय ते तीन भाषांत सांगत बसली.