चिखलातली बैठक

गाणे ऐकावे ते गादीवर, तक्क्याला टेकून, पानाचा डबा जवळ ठेवून, अशी आमची समजूत! पण 2016 च्या जूनमध्ये विलायतेत शिकणाऱ्या भाचीने मला ग्लॅस्टनबरीच्या संगीतमेळ्याला नेले आणि एका इवल्याशा तंबूत लोटले.

सॉमरसेट परगण्यातल्या वर्दी फार्म या दुभत्या गाईंच्या शेतावर 1970 साली हा मेळा सुरू झाला. तिकीट एक पौंड, वर दूध फुकट! आता तिथे दोन लाखांच्या आसपास माणसे जमतात. त्या वर्षी पावसाने असा चिखल केला की, एकेक पाऊल उपटून काढावे लागे. अंथरूण ओले, संडासापुढे ही लांब रांग, आणि झोप? तिने तिकीटच काढले नव्हते!

शनिवारी रात्री अडेलबाईंचे गाणे ऐकून परतताना आमची चुकामूक झाली. हजारो तंबू, सगळे सारखे! खुणेसाठी काठीला बांधलेला माझा लाल पंचा अंधारात दिसेना. घसरून चिखलातच बसलो. रडायचे तेवढे बाकी होते. तोच कुण्या तंबूतल्या पोरांनी हात धरून उठवले, कोरडे कांबळे दिले, चहा पाजला. एकजण गिटार छेडीत होता. शब्द कळेनात, पण मान आपोआप डोलू लागली.

भाची शोधीत आली ती रडकुंडीला येऊन. "मामा, चुकलंच माझं! उद्या सकाळीच निघू या."

"बस जरा," मी म्हणालो, "याचं एवढं गाणं होऊ दे."