गिरड : टेकडी, पाऊस आणि वायरलेस कव्वाली

पावसाळ्यात गिरड बघाच! वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा; नवसाला हिंदू-मुस्लिम दोघंही येतात. इथले जायफळासारखे गोल दगड म्हणजे बाबांनी दगड केलेला व्यापाऱ्याचा माल म्हणे!

पण इथे उघड्यावर कव्वाली ठेवायची, तर परीक्षा साउंडवाल्याची. टॅबवरून मिक्सर चालवताना थेंबच फेडर सरकवतात. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला पाऊस फारसा अडवत नाही. अडवते ती गर्दी, कारण माणूस म्हणजे बरंचसं पाणीच! लिंक तुटली तरी आवाज सुरूच राहतो, पण माइकने शिट्टी मारली की ती थांबवणार कोण? म्हणून राउटर डोक्यांच्या वर, प्लास्टिकखाली टांगा. आणि बॉस, एक वायर ओढून ठेवाच!