फडक्यातली बिअर : चुलीपासून कायद्यापर्यंत

१/ श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलेले ज्याने पाहिले आहे, त्याला ‘ब्रू इन अ बॅग’ ही पद्धत निम्मी तरी ठाऊकच आहे. फरक एवढाच, की चक्क्यासाठी फडक्यात उरते ते ठेवायचे असते आणि बिअरसाठी निथळून खाली पडते ते.

२/ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी ही पद्धत रूढ केली. तोवर घरी धान्यापासून बिअर करायची तर तीन भांडी लागत: एक पाणी तापवायला, दुसरे धान्य भिजवायला, तिसरे उकळायला. आता एकच पातेले आणि जाळीदार कापडाची एक पिशवी पुरली.

३/ मोड आणून वाळवलेले व भरडलेले सातू पिशवीत भरून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड येताना धान्यात तयार झालेली विकरे पिठूळ भागाची साखर करतात. मग पिशवी उचलून निथळवायची, गोड पाणी हॉप्ससह तासभर उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट घालायचे.

४/ यातली खरी गंमत भरडण्यात आहे. जुन्या पद्धतीत सातूची टरफलेच गाळणीचे काम करत, म्हणून भरड जाडसर ठेवावी लागे. बारीक केली की सारा चिखल होई. पिशवी आली आणि ही अट सैल झाली. धान्य वरून पाणी ओतून धुतले जात नसल्यामुळे थोडी साखर त्यातच अडकून राहते खरी, पण बारीक भरड ती बरीचशी भरून काढते.

५/ मात्र ‘नवी पद्धत’ म्हणताना जरा थांबावे. एका भांड्यात घरच्यापुरती बिअर करणे हे मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बायकांचे रोजचे काम होते. उरलेली शेजारपाजारी विकून चार पैसेही मिळत. ‘ब्रूस्टर’ हे इंग्रजी आडनाव मुळात बिअर करणाऱ्या बाईचे. पुढे हॉप्समुळे बिअर टिकू लागली, दूरवर नेता येऊ लागली. मग भांडवल आले, मोठ्या भट्ट्या आल्या आणि धंदा पुरुषांच्या हाती गेला. ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात ही कहाणी तपशिलाने मांडली आहे. तंत्र सुधारले की त्याचा लाभ सर्वांना होतो, या भाबड्या समजुतीला इतका चोख छेद क्वचितच मिळतो.

६/ उरलेसुरले काम करव्यवस्थेने केले. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर रद्द करून तो तयार बिअरवर आणला. शेतकऱ्यांची जुनी तक्रार मिटली. पण कर आता भांड्यातल्या द्रवावर होता, म्हणून सरकारची नजर घरच्या भांड्यापर्यंत पोहोचली आणि घरगुती बिअरलाही परवाना लागू लागला. ही अट १९६३ मध्ये, रेजिनाल्ड मॉडलिंग अर्थमंत्री असताना, उठली. मधली ८३ वर्षे म्हणजे आजीकडून नातीकडे येणारी विद्या विसरली जायला पुरेसा काळ.

७/ अमेरिकेत तर १९३३ मध्ये दारूबंदी संपल्यावरही घरगुती बिअर बेकायदाच राहिली. घरगुती वाइनला मात्र मोकळीक होती! १४ ऑक्टोबर १९७८ रोजी जिमी कार्टर यांनी सही केली, तेव्हा एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, बिअर करमुक्त झाली. तरी राज्यांचे कायदे वेगळे होतेच. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

८/ महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे आजही गुन्हा आहे. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरांना यातली पहिली पायरी पिढ्यान्‌पिढ्या येते. तिथवर कायद्याची हरकत नाही.